परदेशातल्या नातेवाइकांना मूल दत्तक: आधी परवानगी, मग दत्तकपत्र

भीमथडी (धागाकर्ती)

"मोठ्या दिरांना मूलबाळ नाही, ते न्यू जर्सीला असतात. आमचा धाकटा त्यांना द्यायचं घरात ठरलं. गुरुजी बोलावून विधी केला, हवेलीच्या दुय्यम निबंधकांकडे दत्तकपत्र नोंदवलं. आता व्हिसासाठी काय लागेल?" या धर्तीचा प्रश्न पुण्याच्या गटांवर सतत येतो. मूल तोवर नव्या आईबाबांना हाक मारायला शिकलेलं असतं आणि व्हिसाच्या खिडकीवर सगळं अडतं. म्हणून सगळी माहिती एका जागी मांडते आहे. जाणकारांनी भर घालावी.

मूळ गोष्ट अशी की मूल एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक जातं तेव्हा दोन्ही सरकारांची संमती दत्तक पूर्ण होण्याआधी लागते. हे १९९३ च्या हेग करारात आहे. भारताने तो २००३ मध्ये मान्य केला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून तो आपल्याला लागू झाला. करारातली तीन कलमं पाठच करून ठेवा. कलम ५: घेणारा देश लेखी सांगतो की हे पालक पात्र आहेत आणि मुलाला आमच्याकडे येऊन कायम राहता येईल. कलम १७: दोन्ही देशांची केंद्रीय प्राधिकरणं 'पुढे जायला हरकत नाही' म्हणतात. कलम २३: दत्तक कराराप्रमाणे झाल्याचं प्रमाणपत्र, ज्यामुळे बाकीचे करारातले देश ते आपोआप मानतात. आपल्याकडचं केंद्रीय प्राधिकरण म्हणजे दिल्लीची कारा (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण).

करार लागू होतो तो राहण्याच्या देशावरून, पासपोर्टावरून नाही. काकांचा पासपोर्ट भारतीय असला, पण बिऱ्हाड लंडनला असेल, तर हे आंतरदेशीय दत्तकच. काराच्या पोर्टलवर कोथरूडचा जुना पत्ता घालून 'भारतात राहणारे' म्हणून नोंदणी करायचा सल्ला काही लोक देतात. तो ऐकू नका. पालक तेव्हा कुठे राहत होते हे व्हिसाच्या वेळी कागदावरून निघतंच.

आपल्या बाजूचा मुख्य कायदा म्हणजे बाल न्याय अधिनियम २०१५. त्याच्या कलम ६० मध्ये नातेवाइकांच्या आंतरदेशीय दत्तकाची वेगळी सोय आहे आणि तपशील २०२२ च्या दत्तक नियमावलीत आहे. क्रम असा. परदेशातले नातेवाईक तिथल्या अधिकृत दत्तक संस्थेकडे किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडे जातात. ती संस्था होम स्टडी (पालकांच्या घराची, परिस्थितीची पाहणी) करते आणि कागद काराच्या पोर्टलवर चढवते. मग इथला जिल्हा बाल संरक्षण कक्ष मुलाच्या घरी येऊन कौटुंबिक अहवाल तयार करतो. तो अहवाल परदेशी प्राधिकरणाकडे जातो, तिकडून कलम ५ आणि १७ ची पत्रं येतात, कारा पूर्वमान्यतेचं पत्र देते आणि मगच अर्ज जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातो. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हाच दत्तकाचा आदेश. त्यावर कारा ना हरकत आणि कलम २३ चं प्रमाणपत्र देते. नवा जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा हे सगळं त्यानंतर.

पूर्वी आदेश कोर्टाचा असायचा. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. त्यामुळे जुन्या प्रकरणाचे कागद नमुना म्हणून कोणी दिले तर त्यावर जिल्हा न्यायालयाचा शिक्का दिसेल. गोंधळू नका.

आता 'नातेवाईक' कोण? कायद्याच्या व्याख्येत फक्त काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा येतात, तेही सख्खे. आपण आईच्या चुलत बहिणीलाही मावशीच म्हणतो, पण तिला या सोयीचा उपयोग नाही. मोठा भाऊ किंवा बहीणही व्याख्येत नाही. अर्जासोबत वंशावळ आणि नातं सिद्ध करणारे दाखले जोडावे लागतात, तिथेच हे उघड होतं.

---

हवेलीकर

उत्तम धागा. दत्तकपत्राच्या बाजूने मात्र थोडं बोलायला हवं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखालचा मार्ग परदेशस्थांसाठी पूर्ण बंद नाही. त्याची वाट २०२१ मध्ये नियमावलीत आली आणि २०२२ च्या नियमावलीत त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. चुलत नात्यातल्या लोकांना तोच मार्ग उरतो.

पण अटी नीट वाचा. मूल हिंदू (म्हणजे बौद्ध, जैन, शीखही), अविवाहित आणि रूढी वेगळी नसेल तर १५ वर्षांखालचं हवं. मुलगा घ्यायचा असेल तर घेणाऱ्याला हयात मुलगा, मुलाचा मुलगा किंवा पणतू असता कामा नये. मुलगी घ्यायची तर मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. पुरुष मुलगी घेत असेल किंवा स्त्री मुलगा घेत असेल, तर वयात किमान २१ वर्षांचं अंतर लागतं. मूल प्रत्यक्ष देणं-घेणं झालं पाहिजे. पैशाचा व्यवहार याच कायद्याच्या कलम १७ खाली गुन्हा आहे.

एक मुलगा असलेल्या काकांना पुतण्या हवा असेल तर दत्तकपत्र मुळातच निरर्थक ठरतं, नोंदणी झालेली असली तरी. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, दत्तक वैध आहे की नाही हे ते तपासत नाहीत. कलम १६ प्रमाणे नोंदणीकृत दस्तामुळे वैधतेचं गृहीतक मिळतं, पण ते खोडता येतं. बाल न्याय अधिनियमात अशी पुत्र-पुत्री अट नाही, म्हणून सख्ख्या नात्यात तोच मार्ग बरा.

दत्तकपत्राच्या मार्गातही जिल्हाधिकाऱ्यांचा पडताळणी अहवाल लागतो, पालक हेग देशात असतील तर तिथल्या प्राधिकरणाचं पत्र लागतं आणि शेवटी काराचं ना हरकत. 'रजिस्टर झालं, आता कोण विचारतंय' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. वैध आदेशाशिवाय मूल परदेशी पाठवणं बाल न्याय अधिनियमात शिक्षापात्र आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही.

---

सातासमुद्र

अमेरिकेपुरतं सविस्तर लिहितो, कारण पुण्यातली बरीच प्रकरणं तिकडचीच असतात.

पहिली अडचण: आय-८००ए, म्हणजे दत्तक पालक म्हणून पात्र ठरवून घेण्याचा तिकडच्या इमिग्रेशन खात्याचा अर्ज, फक्त अमेरिकी नागरिक भरू शकतो. जोडप्यात एक जण नागरिक असला तरी पुरे, पण दोघंही ग्रीन कार्डावर किंवा एच-वन-बीवर असतील तर हेगची वाट बंद. अर्जच नाही तर कलम ५ चं पत्र नाही, आणि पत्र नाही तर पुण्यातलं प्रकरण पुढे सरकत नाही. कित्येक कुटुंबांना हे होम स्टडीचे डॉलर मोजून झाल्यावर कळतं. काकांना पहिला प्रश्न नागरिकत्वाचाच विचारा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. मुलाचे दोन्ही जन्मदाते हयात असतील तर ते त्याचा योग्य सांभाळ करायला असमर्थ आहेत, हे अमेरिकेच्या कायद्यात दाखवावं लागतं. बाणेरला स्वतःचा फ्लॅट, दोघंही नोकरीत, मूल चांगल्या शाळेत, आणि केवळ भावाला मूल नाही म्हणून देतोय: अशा प्रकरणात आय-८०० (त्या ठराविक मुलासाठीचा पुढचा अर्ज) मंजूर होण्याची आशा जवळजवळ नाही. इकडचा कौटुंबिक अहवाल खरा लिहिला तर घर सुस्थितीत आहे असंच त्यात येणार. अहवाल मोडूनतोडून लिहून घ्यायचा विचारही करू नका, मुलाखतीत जन्मदात्यांना थेट प्रश्न विचारले जाऊ शकतात. एक पालक वारलेला आणि मागे राहिलेल्याला झेपत नाही, किंवा दोघंही नाहीत आणि आजी सांभाळते, अशा प्रकरणांसाठी ही वाट आहे.

तिसरं, क्रम. आय-८००ए मंजूर, मग मुलाची कागदपत्रं, मग आय-८०० ची तात्पुरती मंजुरी, मग दिल्लीच्या दूतावासाचं कलम ५ चं पत्र, आणि त्यानंतरच पुण्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. पत्राआधी आदेश किंवा दत्तकपत्र झालं तर तिकडे ते कराराविरुद्ध धरलं जातं आणि आधी ते रद्द करून घ्या असं सांगितलं जाऊ शकतं. आय-८०० दाखल होताना मूल १६ वर्षांखालचं हवं. दत्तकाचा व्हिसा दिल्लीलाच होतो, मुंबईच्या वकिलातीत नाही. नात्यातलं दत्तक असलं तरी मान्यताप्राप्त अमेरिकी संस्था मध्ये असणं सक्तीचं आहे.

एवढं सगळं रीतसर झालं तर पुढचं सोपं असतं. दत्तक भारतात पूर्ण करून आय-एच-३ व्हिसावर गेलेलं मूल तिथे पाऊल ठेवताच नागरिक होतं.

---

मृदगंध

@सातासमुद्र, मग व्हिजिटर व्हिसावर मूल नेऊन तिकडच्या कोर्टात दत्तक केलं तर? असं सुचवणारे एजंट आहेत.

---

सातासमुद्र

@मृदगंध, अजिबात नको. मूल भारताचं रहिवासी असताना तिकडच्या राज्य कोर्टाने आदेश दिला तरी इमिग्रेशनसाठी तो पुरत नाही. 'दोन वर्षं ताबा आणि एकत्र राहणं' या नियमाचा दाखला एजंट देतात. पण हेग देशातून थेट आलेल्या मुलाला ती पळवाट लागू होत नाही, मूल आता भारताचं रहिवासी राहिलेलं नाही हे दाखवावं लागतं. मूल मुदत संपलेल्या व्हिसावर तिथे अडकतं आणि इकडे हवेलीकरांनी सांगितलेली शिक्षा जन्मदात्यांच्या डोक्यावर. व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीत खरा हेतू लपवणं हे वेगळं प्रकरण, त्याचे परिणाम पुढे कायम राहतात.

---

शमा_कर्वेनगर

बाल संरक्षण कक्षाच्या भेटीबद्दल लिहिते, कारण लोक तिला उगीच घाबरतात किंवा अगदीच हलक्यात घेतात.

समाजकार्यकर्ती घरी येते. आई आणि वडील दोघांशी वेगवेगळं बोलते, भावंडांशी बोलते, मूल बोलण्याइतकं असेल तर त्याच्याशी एकट्याने बोलते. पाच वर्षांच्या वरच्या मुलाची संमती लेखी लागते. 'तुला अमेरिकेत डिस्नेलँड बघायचंय ना' असं पढवलेलं मूल लगेच ओळखू येतं. आई परत कधी भेटेल, शाळा कुठली, ताई येणार का, हे प्रश्न मुलाने विचारलेले असले आणि त्याला खरी उत्तरं मिळालेली असली, तर संमतीला अर्थ राहतो. देणाऱ्या आईवर सासरचा दबाव आहे का हेही पाहिलं जातं आणि ते पाहिलंच पाहिजे. 'थोरल्या दिरांचा शब्द मोडता येत नाही' हे वाक्य भेटीत आलं तर अहवालात तसं लिहिणं हे तिचं काम आहे. करारानेही संमती मोकळेपणाने आणि मोबदल्याशिवाय दिलेली असावी असंच म्हटलंय.

आता कागद. सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे आईचं नाव. आपल्याकडे लग्नात आडनावच नव्हे तर पहिलं नावही बदलायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. त्यामुळे मुलाच्या जन्मदाखल्यावर 'सुनीता', आधारवर 'स्वाती', दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं तिसरंच नाव. परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या बाया आहेत आणि संमती कोणी दिली हेच सिद्ध होत नाही. नुसतं प्रतिज्ञापत्र कधी चालतं, कधी नाही. राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाह नोंदणी दाखला दोन्ही आधीच हाताशी ठेवा. विवाह नोंदवलेलाच नसेल तर तो आधी नोंदवा.

दुसरं, महापालिकेच्या जन्मदाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना रिकामा असतो, कारण हॉस्पिटलमधून नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. नाव घालून घ्या, आणि इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळू द्या. हे काम अर्जाच्या आधी करा. प्रकरण जिल्हाधिकारी कार्यालयात गेल्यावर दाखला बदलला तर होम स्टडीपासूनचे सगळे कागद जुन्या नावाचे राहतात.

---

कसबा२२

दुबईत असलेल्या मामांसाठी काय? आणि युरोपात सगळीकडे नियम एकच का?

---

भीमथडी

@कसबा२२, संयुक्त अरब अमिराती हेग दत्तक करारात नाही, त्यामुळे कलम ५ चं पत्र तिथून येत नाही. भारतीय नागरिक असलेल्या पालकांसाठी तिथलं भारतीय दूतावास काम बघतं: होम स्टडीची व्यवस्था, नोंदणी आणि नंतरचे अहवालही. तिकडचे कागद दूतावासाच्या साक्षांकनाने येतात. ब्रिटन, अमेरिकेचे कागद अपोस्टिलने (कागद खरा असल्याच्या तिथल्या सरकारच्या शिक्क्याने) चालतात.

युरोपात एकच नियम नाही. ब्रिटनमध्ये स्थानिक प्रशासन किंवा नोंदणीकृत संस्था मूल्यमापन करते, मग सरकारी पात्रता प्रमाणपत्र मिळतं. हेगप्रमाणे झालेल्या दत्तकात दोन्ही पालक तिथले रहिवासी आणि किमान एक जण ब्रिटिश नागरिक असेल तर मूल आपोआप नागरिक होतं. जर्मनीत १ एप्रिल २०२१ पासून अधिकृत मध्यस्थ संस्थेशिवायचं परदेशी दत्तक बंद आहे, नात्यातलंसुद्धा. पूर्वी जर्मनीतली मंडळी इथे दत्तकपत्र करून तिकडे मान्यता मागायची, ते दिवस गेले. नेदरलँड्सने २०२४ मध्ये परदेशी दत्तकाचे नवे अर्ज घेणं थांबवलं. म्हणून देश कुठला ते आधी सांगा आणि तिथल्या प्राधिकरणाचं आजचं पान वाचा, दोन वर्षांपूर्वीच्या कोणाच्या अनुभवावर जाऊ नका.

---

अनघा_म

नात्यात नसलेलं मूल हवं असेल, पालक ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे कार्डधारक) असतील, तर पुण्यातल्या संस्थेत जाऊन मूल पाहता येतं का?

---

शमा_कर्वेनगर

@अनघा_म, नाही. संस्थेने परस्पर मूल दाखवणं किंवा राखून ठेवणं चालत नाही. परदेशातली अधिकृत संस्था पोर्टलवर नोंदणी करते, मूल काराकडून सुचवलं जातं. त्याआधी बाल कल्याण समितीने मूल 'दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त' ठरवलेलं असावं लागतं. सोडून दिलेल्या मुलाच्या बाबतीत ही घोषणा दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिन्यांत आणि त्यापुढच्या मुलासाठी चार महिन्यांत व्हायला हवी. आईवडिलांनी स्वतः समितीपुढे सुपूर्द केलेल्या मुलाच्या बाबतीत त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्यानंतर ६० दिवस भारतीय आणि अनिवासी भारतीय पालकांसाठी राखीव. विशेष गरजा असलेली मुलं, भावंडांच्या जोड्या आणि पाच वर्षांवरची मुलं यांना आंतरदेशीय दत्तकात प्राधान्य मिळतं. व्यवहारात परदेशात जाणारी मुलं मुख्यतः याच गटांतली असतात. निरोगी तान्हं बाळ मिळेल अशी आशा कोणी दाखवत असेल तर सावध व्हा.

खर्च म्हणाल तर इथल्या संस्थेच्या बालसंगोपन निधीला ५,००० अमेरिकी डॉलर, ते पावतीवर आणि बँकेतून. त्यापलीकडे 'देणगी' मागणं हा गुन्हा आहे. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे निकालात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकावर बंधनं घातली ती मुलांच्या सौद्याच्या भीतीनेच. पुण्यातल्याच एका संस्थेची चौकशी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सीबीआयकडे द्यावी लागली होती. आजचे नियम कटकटीचे वाटतात त्यांनी हे लक्षात घ्यावं.

---

मृदगंध

उलट दिशेने कसं? बहिणीचं मूल अमेरिकेत जन्मलेलं, पासपोर्ट अमेरिकन, पण तान्हेपणापासून इथेच मावशीकडे. मावशीला पुण्यात दत्तक घेता येईल का?

---

हवेलीकर

@मृदगंध, इथे थेट नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये अशाच प्रकरणात नकार दिला. मूल अमेरिकी नागरिक, ते काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांतही बसत नाही आणि कायद्याशी संघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) मुलांतही नाही, त्यामुळे बाल न्याय अधिनियमाची तरतूद लागू होत नाही आणि परदेशी मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क नाही, असं खंडपीठाने म्हटलं. आधी अमेरिकेत तिथल्या कायद्याने दत्तक पूर्ण करायचं आणि नंतर इकडची पुढची प्रक्रिया. मूल इथे रुळलं असेल तर हे फार जड जातं, हे मान्य. म्हणूनच तान्हं मूल 'सध्या ठेवून घेऊ, कागद नंतर बघू' असं करू नये.

---

कसबा२२

जिल्हाधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला तर हायकोर्ट?

---

हवेलीकर

आधी विभागीय आयुक्त. आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील, आणि ते शक्यतो चार आठवड्यांत निकाली काढायचं आहे. मुदत चुकवू नका, परदेशातून वकीलपत्र यायलाच वेळ जातो. अर्ज निकाली काढायला जिल्हाधिकाऱ्यांना कायद्याने दोन महिने आहेत, सुनावणी बंद दाराआड होते. कागद अपुरे असतील तर मात्र ते मागवण्यातच महिने जातात.

आदेशाने मुलाचं जन्मघराण्याशी कायदेशीर नातं संपतं, वारसाहक्कासकट. मुलाच्या नावावर आधीच असलेली मालमत्ता त्याचीच राहते. सासवडला वडिलोपार्जित जमीन असेल तर आदेशाआधी वकिलाकडून समजून घ्या. 'दत्तक दिला तरी इथला वाटा त्याचाच' असं घरात तोंडी ठरलेलं टिकत नाही, इच्छापत्र करावं लागतं.

---

भीमथडी

हवेलीकर, शमाताई, सातासमुद्र, मनापासून आभार. मूल गेल्यानंतरचं राहिलं होतं ते लिहिते.

दोन वर्षं अहवाल येत राहिले पाहिजेत: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, एकूण सहा. ते तिकडची संस्था पोर्टलवर चढवते. जमत नसेल, मूल कोमेजत असेल, तर मुलाला दुसरीकडे हलवण्याची किंवा परत आणण्याची जबाबदारी करारात तिथल्या प्राधिकरणावर आहे आणि काराला कळवावं लागतं. काकांनी परस्पर विमानात बसवून परत पाठवणं हा मार्ग नाही.

आणि नात्यातल्या दत्तकात एक चांगली तरतूद आहे जी फारशी कोणी वाचत नाही. कलम ६० प्रमाणे दत्तक पालकांनी मुलाचा सख्ख्या भावंडांशी आणि जन्मदात्यांशी अधूनमधून संपर्क राहील याची सोय करायची आहे. कोणत्या सुट्टीत यायचं, फोन कधी, मुलाला नातं काय सांगायचं, हे दोन्ही घरांनी होम स्टडीच्या वेळीच ठरवून अहवालात लिहून घ्यावं. पुढे दोन भावांत जमिनीवरून बिनसलं तरी मुलाच्या भेटी त्यात ओढल्या जाऊ नयेत.

ज्यांचं दत्तकपत्र आधीच झालंय त्यांनी इथे देश, पालकांचं तिथलं नागरिकत्व, मुलाचं वय आणि दस्ताची तारीख एवढंच लिहा. नावं, पत्ते, दस्त क्रमांक टाकू नका.